थंड पाण्यात हात घातला की जीव जातो

मागच्या अंकात नखांच्या तक्रारींविषयी लिहिताना ग्लोमस ट्यूमर या गाठीचा मी दोन ओळींत उल्लेख केला होता. नखाखाली होणारी, रक्तवाहिन्यांशी निगडित, कर्करोग नसलेली अशी ही गाठ. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतली काही इथे घेते. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी आई ४४ वर्षांची आहे. जेटीवर मासळी निवडायचं आणि कोळंबी सोलायचं काम करते. डाव्या हाताच्या अनामिकेत नखाखाली तिला सहा वर्षांपासून दुखतं. बर्फात हात गेला की ती ओरडते, कळ कोपरापर्यंत जाते. नख वरून चांगलं दिसतं, फक्त मुळाजवळ जरा निळसर वाटतं. बोटाचा एक्स-रे दोनदा काढला, दोन्ही वेळा नॉर्मल आला. मग मानेचे मणके झिजलेत म्हणून पट्टा दिला. बुरशी म्हणून गोळ्या झाल्या. नखुरडं समजून एकदा नख काढलं. नवं नख आलं आणि दुखणं तसंच राहिलं. शेवटी एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि "मनाचं आहे" म्हणाले. आता बाबा आणि आत्याही तेच म्हणतात. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आईचं खरंच मनाचं आहे का?
एक मुलगी, रत्नागिरी

उत्तर : नाही, बाळ. तुझ्या आईचं मनाचं नाही.

पत्रावरून निदान पक्कं होत नसतं, त्यासाठी ते बोट हातात घ्यावं लागतं. पण तू लिहिलेल्या गोष्टी एकत्र आल्या की हाताच्या शस्त्रक्रिया करणारा कुणीही डॉक्टर आधी ग्लोमस ट्यूमरचंच नाव घेईल. एकाच ठिपक्याएवढ्या जागी दुखणं, नेमकं तिथे काही टेकलं की असह्य कळ, आणि गार लागलं की तीच कळ भडकणं. निळसर डाग तू पाहिलास, ती त्यात चौथी गोष्ट. सहा वर्षांत किती जणांनी ते बोट उजेडात धरून नीट पाहिलं असेल, असा प्रश्न तुझं पत्र वाचताना मला सारखा पडत होता.

ही गाठ येते कुठून ते तुला सांगते, म्हणजे तू घरी समजावून सांगू शकशील. बोटांच्या टोकांना त्वचेखाली रक्ताच्या अगदी बारीक आडवाटा असतात. धमनीतलं रक्त केशवाहिन्यांत न जाता तिथून थेट शिरेत उतरतं. उकाड्यात या वाटा उघडतात, थंडीत मिटतात. शरीराची उष्णता राखण्याचं काम त्या करतात. त्यांच्याभोवती स्नायूंसारख्या आकसणाऱ्या पेशींचं अस्तर असतं आणि आजूबाजूला मज्जातंतूंचं दाट जाळं. नखाखाली या वाटा खूप असतात. त्या अस्तरातल्या पेशी प्रमाणाबाहेर वाढल्या की गाठ होते. बहुतेक वेळा ती मोहरीच्या दाण्याएवढी किंवा थोडी मोठी, सेंटीमीटरपर्यंत क्वचितच पोचते. हातात होणाऱ्या सगळ्या गाठींमध्ये हिचं प्रमाण शंभरात एक ते पाच एवढंच धरतात. नखाखालची गाठ ३० ते ५० या वयातल्या बायकांमध्ये जास्त दिसते. वर नख, खाली हाड, मध्ये जागा जेमतेम; त्या फटीत ही एवढीशी गाठही प्राण कंठाशी आणते.

आता, सहा वर्षं ती सापडली का नाही?

कळ वर कोपरापर्यंत, कधी खांद्यापर्यंत जाते, म्हणून सगळ्यांचं लक्ष मानेकडे जातं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या मानेचा एक्स-रे काढला की मणक्यांत थोडीफार झीज बऱ्याचदा दिसतेच. ती दिसली की कारण सापडल्यासारखं वाटतं आणि शोध तिथेच थांबतो. पण मानेतल्या नसेचं दुखणं एका नखाच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवून दाखवता येत नाही. बहुतेक वेळा त्याबरोबर मुंग्या असतात, बधिरपणा असतो आणि तो पट्ट्यासारखा पसरलेला असतो. बर्फाला हात लावला म्हणून मान दुखत नाही. हा फरक रुग्णाला विचारलं तर एका मिनिटात कळतो.

नख काढूनही दुखणं थांबलं नाही, कारण गाठ नखात नसतेच. ती नखाखालच्या मऊ गादीत असते, आणि नख उचललं तरी ती गादी उघडून आत पाहावं लागतं. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, मऊ गाठ दिसत नाही. गाठ वर्षानुवर्षं हाडावर दाबत राहिली तर काही जणांच्या हाडाला खळगा पडतो, तो मात्र दिसू शकतो, तोही बोटाची बाजूने फिल्म घेतली आणि दुसऱ्या हाताच्या त्याच बोटाशी ताडून पाहिली तर. तेव्हा "एक्स-रे नॉर्मल" याचा अर्थ "बोट नॉर्मल" असा होत नाही.

माझ्याकडे शिवणकाम करणारी एक बाई आली होती. तिच्या बोटात अंगुस्तान होतं. मला वाटलं कामावरून तशीच उठून आली असेल. तर ती म्हणाली, "मॅडम, हे झोपतानाही काढत नाही." चादरीची कड जरी नखाला लागली तरी जाग यायची, म्हणून सुईसाठी असलेलं ते अंगुस्तान तिने चिलखतासारखं कायमचं चढवलं होतं. घरी तिलाही नाटकी ठरवलं होतं. अशा बायका मी वर्षानुवर्षं पाहते आहे. कुणी दुखरं बोट उंच धरून पोळ्या लाटते, कुणी हिवाळ्यात लोकरीचा मोजा बोटाला गुंडाळून भांडी घासते, कुणी नातवाला कडेवर घेत नाही, कारण बाळाची मूठ चुकून त्या नखावर बसेल. आपल्या दुखण्याची जागा त्या टाचणीच्या टोकाएवढ्या नेमकेपणाने दाखवतात. इतकी नेमकी जागा कुणी कल्पनेतून दाखवू शकत नाही. मनाच्या दुखण्याकडे बोट दाखवण्याआधी डॉक्टरांनी त्या नखाकडे पाहायला हवं, असं मला फार मनापासून वाटतं.

आणि सहा वर्षं झोप मोडत राहिली, वर घरच्यांनी विश्वास ठेवला नाही, तर कुणाचंही मन खचेल. आईचं मन खचलं असेल तर ते दुखण्यामुळे खचलं आहे. झोपेच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नका. ज्यांनी दिल्या त्यांना विचारून कमी करत जा.

घरी एक गोष्ट करून बघ. बाबांना आणि आत्याला शेजारी बसव. आगपेटीतली काडी घे, गुलाचं टोक तुझ्याकडे ठेव आणि दुसऱ्या टोकाने आईच्या नखावर अगदी हलके, एकेका जागी टेकवत जा. आईने डोळे मिटून ठेवायचे. नखाच्या बाकी भागावर तिला काही होणार नाही, आणि एका जागी ती हात झटकन ओढून घेईल. थोडं थांबून पुन्हा कर, जागा तीच निघेल. दोनदा पुरे, जास्त करू नको, तिला यातना होतात. जेटीवर सगळ्यांचेच हात गारठतात, ओरडते ती एकटी का, हे बाबांना त्या काडीने कळेल.

यानंतर प्लॅस्टिक सर्जन किंवा हाताच्या शस्त्रक्रिया करणारे ऑर्थोपेडिक सर्जन गाठा. जवळच्या जिल्हा रुग्णालयातून चिठ्ठी मिळते. मुंबईत केईएम, सायन, जे. जे. या रुग्णालयांत प्लॅस्टिक सर्जरीचे विभाग आहेत. सरकारी आरोग्य योजनेत हा खर्च बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारून घ्या. जाताना जुने एक्स-रे, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, नख कधी काढलं तो कागद, सगळं बरोबर ने. डॉक्टरांसमोर आईलाच बोलू दे आणि जागा दाखवू दे.

गोळ्या, मलम, शेक यांनी ही गाठ जात नाही. ती काढावीच लागते. पण काढणं सोपं आहे आणि पूर्ण निघाली तर दुखणं जातं, हे आईला माझ्याकडून सांग. तोवर कामावर रबरी हातमोज्याच्या आत सुती मोजा घालायला सांग. बर्फापासून थोडा तरी आडोसा मिळेल.

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. एमआरआयसाठी रुग्णाला जिल्ह्याला जावं लागतं, खर्चही परवडत नाही. दवाखान्यात बसून या गाठीचं निदान कितपत करता येईल?
एक डॉक्टर, यवतमाळ जिल्हा

उत्तर : पुष्कळ करता येईल, सर. ही गाठ आपल्या शास्त्राला माहीत झाली तेव्हा एमआरआय नव्हताच. १८१२ साली एडिंबराचे सर्जन विल्यम वुड यांनी त्वचेखालच्या छोट्या, भयंकर दुखणाऱ्या गाठींचं वर्णन लिहून ठेवलं. त्या गाठी नेमक्या कशाच्या बनलेल्या असतात, हे १९२४ मध्ये स्ट्रासबर्गच्या पियेर मासों यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दाखवलं. निदानाच्या ज्या चाचण्या आजही आम्ही वापरतो, त्यांना लागणारं सामान तुमच्या टेबलावर आहे.

पहिली चाचणी लव्ह यांची. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे हे सर्जन. त्यांनी १९४४ मध्ये ती मांडली. टाचणीचं डोकं, पेपर क्लिपचं वाकवलेलं टोक किंवा बंद बॉलपेनची निब घ्या आणि नखावर मिलिमीटर-मिलिमीटर सरकत दाबत जा. गाठ असेल तर एका जागी रुग्ण दचकेल आणि शेजारीच दाबलं तर शांत बसेल. नखुरड्यात किंवा पू झाला असेल तर आजूबाजूचा सगळाच भाग दुखतो, हा फरक लक्षात ठेवा.

दुसरी हिल्ड्रेथ यांची, १९७० मधली. माझा हिच्यावर सर्वांत जास्त भरवसा आहे. रुग्णाला हात थोडा वेळ डोक्याच्या वर धरायला सांगा, बोट मुळापासून टोकाकडे नाही तर टोकाकडून मुळाकडे दाबत रक्त खाली सारा, आणि दंडावर बीपीचा पट्टा बांधून रुग्णाच्या वरच्या बीपीपेक्षा बराच जास्त, साधारण २५० मिलिमीटरपर्यंत फुगवा. आता तीच टाचणी त्याच जागी टेकवा. आधी किंचाळलेला माणूस आता नुसता पाहत राहतो. मग पट्टा सोडा. रक्त परत भरताच कळ अचानक परत येते. गाठीतलं रक्त काढून घेतलं की दुखणं जातं, सोडलं की येतं. रक्तवाहिन्यांच्या गाठीचा याहून स्वच्छ पुरावा दवाखान्यात मिळणार नाही. पट्टा मात्र एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या हाताला ही चाचणी करू नका.

थंडीची चाचणी तर रुग्ण घरी रोज करतच असतो. तरी बर्फाचा खडा क्षणभर नखाला लावून पाहा. अंधाऱ्या खोलीत बोटाच्या पेराला खालून टॉर्च लावली तर कधी नखाखाली लालसर सावली दिसते. दिसली नाही म्हणून गाठ नाही, असं धरू नका. नखावर मुळापासून टोकापर्यंत एक लाल रेघ, किंवा त्या रेघेच्या टोकाशी नखाला पडलेली चीर, हीही चांगली खूण आहे. तुमच्याकडे भिंग असेलच.

या तीन चाचण्या जुळल्या तर मी रुग्णाला सरळ सर्जनकडे पाठवा असंच सांगेन. एमआरआय कधी लागतो? गाठ नेमकी कुठे आहे, एकच आहे की दोन, हाडाला किती चिकटली आहे, हे पाहायला, किंवा आधी ऑपरेशन होऊनही दुखणं परत आलं असेल तेव्हा. टी-टू चित्रांत ती पांढरीशुभ्र चमकते आणि शिरेतून रंगद्रव्य दिलं की आणखी उजळते. पण अगदी दोनेक मिलिमीटरची गाठ एमआरआयमध्येही निसटू शकते. तेव्हा चाचण्या होकार देत असताना एमआरआयने नकार दिला, तर मी बोटावर विश्वास ठेवते. बारीक भागांसाठीच्या उच्च वारंवारतेच्या प्रोबने केलेली सोनोग्राफी, त्यात रंगीत डॉप्लर, हा तुलनेने स्वस्त पर्याय आहे. गाठ काळसर दिसते आणि आत रक्ताचा वेगवान प्रवाह दिसतो. मात्र करणाऱ्याला नखाखालचं पाहायची सवय हवी आणि गाठ दाबली जाऊ नये म्हणून जेलचा जाड थर हवा. चिठ्ठीवर "नखाखालची गाठ आहे का पाहा" एवढं स्पष्ट लिहा.

एक विनंती. नखाखाली गडद तपकिरी किंवा काळा पट्टा असेल, तो रुंदावत असेल किंवा नखाच्या मुळाशी त्वचेवर उतरला असेल, तर तिथे ग्लोमसच्या विचारात गुंतून राहू नका. मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा एक घातक कर्करोग, असू शकतो. लगेच तज्ज्ञाकडे पाठवा.

प्रश्न : एमआरआयमध्ये माझ्या उजव्या अंगठ्याच्या नखाखाली ३ मिमीची गाठ आली आहे. मी मेंदी काढायचे क्लास घेते, माझे हात सतत लोकांच्या डोळ्यांसमोर असतात. ऑपरेशननंतर नख कायमचं वाकडं होईल का? मोबाइलवर "ग्लोमस" शोधलं तर कानाच्या आणि मानेच्या गाठींचं काहीतरी भयंकर येतं. कॅन्सर तर नाही ना?
एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी भीतीचं. कानाजवळच्या आणि मानेतल्या ज्या गाठींबद्दल तुम्ही वाचलंत, त्या वेगळ्या पेशींपासून होतात. नाव सारखं आलं एवढंच. तुमच्या अंगठ्याशी त्यांचा संबंध नाही. बोटातली ग्लोमस गाठ कर्करोगाची असणं अतिशय दुर्मीळ आहे. तरीही काढलेला प्रत्येक तुकडा बायॉप्सीला गेला पाहिजे आणि तो रिपोर्ट तुमच्या फाइलमध्ये असला पाहिजे. "छोटीशी होती, पाठवली नाही" हे उत्तर स्वीकारू नका.

आता नखाचं. ऑपरेशनमध्ये काय होतं ते कळलं की धास्ती कमी होते, म्हणून सविस्तर सांगते.

भूल देण्याआधी, तुम्ही पूर्ण जाग्या असताना, सर्जनने टाचणीने जागा शोधून पेनने खूण करायला हवी. एकदा बोट बधिर झालं की तुम्हाला काही सांगता येणार नाही आणि डोळ्यांना गाठ दिसेलच असं नाही. ही खूण केल्याशिवाय मी भुलीची सुई हातात घेत नाही. मग अंगठ्याच्या मुळाशी सुई देऊन फक्त बोट बधिर करतात. त्याच्या मुळाला रबर आवळून रक्त थांबवतात, कारण रक्ताच्या एका थेंबाखाली तीन मिलिमीटरची गाठ हरवून जाते. काही सर्जन बोट अगदी रिकामं करत नाहीत, थोडं रक्त गाठीत राहू देतात, म्हणजे तिचा रंग उठून दिसतो. मीही तेच करते. डोळ्यांना भिंगाचा चष्मा असतो.

गाठ नखाच्या मधोमध असेल तर नख उचलून खालची गादी उभी, बोटाच्या लांबीच्या दिशेने उघडतात. आडवी चीर दिली तर नखाला कायमची रेघ राहायची शक्यता वाढते. आत गाठ करडी-गुलाबी, मोत्यासारखी दिसते. तिला स्वतःचं वेष्टन असतं, त्यामुळे ती कडेकडेने मोकळी करत अख्खी बाहेर काढता येते. तुकड्यातुकड्याने काढू नये. जागा रिकामी झाली की तिथलं हाड आणि आजूबाजूचा भाग पुन्हा न्याहाळायचा, दुसरी गाठ लपलेली नाही ना ते पाहायचं. मग गादी केसाहून बारीक, आपोआप विरघळणाऱ्या दोऱ्याने शिवायची आणि तेच नख स्वच्छ करून झाकणासारखं परत बसवायचं. ते जुनं नख पुढे गळून पडतं, त्याच्या खालून नवं येतं.

गाठ नखाच्या कडेला असेल तर बोटाच्या बाजूने चीर देऊन, नख न उचलता आत जाता येतं. नख वाचतं, पण नजर टाकायला जागा कमी मिळते आणि मधली गाठ तिथून अर्धवट निघायची भीती असते. तेव्हा नख जपायच्या हट्टापायी सर्जनला बाजूने जायला भाग पाडू नका. तुमची गाठ नेमकी कुठे आहे ते एमआरआयवर दाखवायला सांगा आणि मग दोघांनी मिळून ठरवा.

काळजीपूर्वक शिवलेली गादी बहुतेकांची छान भरते. गाठ नखाच्या मुळाशी, जिथून नख उगवतं तिथे असेल, तर बारीक रेघ किंवा किंचित उंचवटा राहू शकतो. ते आधीच मान्य करून जावं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवं नख यायला चार ते सहा महिने. लग्नसराई तोंडावर असेल तर ती उरकून ऑपरेशन करा, तीन मिलिमीटरची गाठ तेवढं थांबेल. ऑपरेशनच्या दिवशीच घरी जाल. पहिले दोन-तीन दिवस हात छातीच्या वर ठेवा, ठसठस कमी होते. मेंदीचा कोन धरायला मात्र टाके पूर्ण भरेपर्यंत थांबा, कोन दाबण्याचा सगळा भार अंगठ्यावरच येतो.

प्रश्न : माझ्या बोटातली ग्लोमस गाठ गेल्या वर्षी काढली. दोन महिने बरं होतं, मग तीच कळ परत सुरू झाली. सर्जन म्हणतात, जखमेचं दुखणं आहे, जाईल. आता आठ महिने झाले.
एक वाचक, सोलापूर

उत्तर : आठ महिने हा जखमेच्या दुखण्यासाठी फार मोठा काळ आहे, दादा. ऑपरेशननंतर काही आठवडे नखाला हळवेपणा राहतो, तो मी समजू शकते. पण ती जुनी, ओळखीची, गार लागल्यावर उठणारी कळ परत आली असेल तर पुन्हा तपासणी हवी. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दुखणं परतलं तर बहुधा गाठीचा काही भाग मागे राहिलेला असतो किंवा शेजारची दुसरी गाठ तेव्हा नजरेतून सुटलेली असते. काही वर्षांनी परतलं तर नवी गाठ झाल्याची शक्यता जास्त. टाके किंवा व्रण यांत अडकलेल्या नसेचंही दुखणं असतं, पण ते थंडीने असं उसळत नाही आणि हिल्ड्रेथ चाचणीत नाहीसं होत नाही.

पहिल्या ऑपरेशनचा कागद आणि बायॉप्सीचा रिपोर्ट मिळवा. त्यात "ग्लोमस ट्यूमर" असं लिहिलंय का, हे आधी पाहा. कधी कधी निघालेला तुकडा नुसत्या चरबीचा किंवा व्रणाचा असतो आणि गाठ आतच राहिलेली असते. मग रंगद्रव्य देऊन एमआरआय करा. जुन्या व्रणात हाताने गाठ ओळखणं कठीण जातं, म्हणून तुमच्या बाबतीत हा खर्च करावा असं मी म्हणेन. त्याच सर्जनकडे जायचं की दुसऱ्याकडे, हे तुम्ही ठरवा. दुसरं मत घेण्यात कुणाचा अपमान नाही, आणि चांगला सर्जन ते मनावर घेत नाही. दुसऱ्या वेळी गाठ पूर्ण निघाली तर दुखणं थांबतं. धीर सोडू नका.

प्रश्न : वय ५८. मांडीवर, गुडघ्याच्या चार बोटं वर, एका जागी पँटचं कापड घासलं तरी कळ येते. थंडीचा मात्र काही संबंध नाही. हीच गाठ असू शकते का?
एक वाचक, नाशिक

उत्तर : असू शकते. ग्लोमस गाठ नखाबाहेर, मांडी-गुडघ्याजवळ, दंडावरही होते, आणि तिथे ती पुरुषांमध्ये जास्त आढळते. नखाबाहेरच्या गाठीत थंडीची तक्रार अनेकदा नसते, म्हणून ती आणखी उशिरा सापडते. पण तिथे मज्जातंतूची किंवा साधी रक्तवाहिन्यांची गाठही असते. दुखऱ्या जागेवर स्केच पेनने खूण करून सोनोग्राफी करून घ्या आणि रिपोर्ट घेऊन जनरल सर्जनला भेटा.

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे. दोन हातांच्या मिळून तीन बोटांत नखाखाली असं दुखतं. लहानपणापासून अंगावर दुधाळ चहाच्या रंगाचे बरेच डाग आहेत. आईलाही आहेत. याचा काही संबंध आहे का?
एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्ही डागांचा उल्लेख केलात ते फार बरं केलंत. एका बोटातली गाठ बहुतेक वेळा आपली आपण, कुठल्याही आजाराशिवाय होते. पण एकाहून जास्त बोटांत असेल आणि अंगावर असे डाग असतील, तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप वन हा आनुवंशिक आजार आहे का ते पाहावंच लागतं. या आजाराच्या माणसांत बोटांतल्या ग्लोमस गाठी होतात, हे जनुकांच्या अभ्यासातून पक्कं झालं आहे. वयात आल्यावर १५ मिलिमीटरपेक्षा मोठे सहा किंवा जास्त डाग, काखेत किंवा जांघेत तिळांसारखे बारीक ठिपके, त्वचेवर मऊ गाठी, यांतलं काय काय आहे ते त्वचारोगतज्ज्ञ मोजून पाहतील. डोळ्यांच्या बुब्बुळावरचे बारीक ठिपके नेत्रतज्ज्ञ पाहतील. गरज वाटल्यास जनुकीय तपासणी होते. आईलाही बरोबर न्या. तिचं बोट कधी दुखलं होतं का, विचारा. अनेक घरांत आईने कधी सांगितलेलंच नसतं.

तिन्ही बोटांची ऑपरेशनं एकदम करायचा आग्रह धरू नका. दोन्ही हात बांधलेले असले की पाणी प्यायलाही दुसरं कुणी लागतं. सगळ्यांत जास्त दुखणारं बोट आधी, ते भरलं की पुढचं. या आजारात पुढे आणखी एखाद्या बोटात गाठ होऊ शकते. तसं झालं तर आता तुम्हाला काय शोधायचं ते माहीत आहे, पहिल्याच महिन्यात सर्जनकडे जा. बीपी दर वर्षी तपासून घ्या, कारण या आजारात रक्तदाब वाढण्याची कारणं वेगळी असू शकतात आणि ती वेळेवर सापडली तर त्यांवर इलाज आहे.